मारानेल्लोतला ऑक्टोबर

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. मोडेना

दसरा. घरून सकाळीच फोटो आले. चिंचवडला शॉप फ्लोअरवर वाइंडिंग मशीनना झेंडूचे हार घातलेत, टॉर्क रेंचपासून मल्टिमीटरपर्यंत सगळं पाटावर मांडून पूजा झाली. मी इथे कॉइल भरणाऱ्या एका नव्या मशीनच्या चाचणीला आलोय. ते पसंत पडलं तर आमच्याकडे येईल, पुढच्या दसऱ्याला त्यालाही हार पडेल.

काम निघालं तेही कुठे, तर मोडेनाला! तासाभराच्या टापूत फेरारी, मासेराती, लॅम्बोर्गिनी, पगानी आणि बोलोन्याची दुकाती. सगळी घराणी पेट्रोलवर वाढलेली. आणि त्यांतलं सर्वांत मोठं नाव, फेरारी, पुढच्या गुरुवारी आपल्या पहिल्या पूर्ण विजेवरच्या गाडीची यंत्रणा जगासमोर ठेवणार आहे. गाडीचं रूप नंतर, पुढच्या वर्षी. आधी फक्त आतला सांगाडा, बॅटरी, मोटरी. एखादी स्पोर्ट्स कार आधी मोटर दाखवून ओळख करून देते, हेच मला आवडलं. माझं उभं आयुष्य इलेक्ट्रिक मोटरीत गेलं. वेग, किंमत, गिऱ्हाईक कोण, याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. मला एकच बघायचंय: मोटर त्यांनी स्वतः घडवलीय का.

४ ऑक्टोबर, शनिवार

मारानेल्लोला जाऊन आलो. मोडेनाहून बस. वाटेत द्राक्षांचे मळे, मग सिरॅमिक टाइल्सचे कारखाने, आणि गाव आलं की दुकानांच्या पाट्यांपासून चौकातल्या कुंड्यांपर्यंत लाल रंग.

संग्रहालयात मी बराच वेळ २०१३ च्या लाफेरारीपाशी थांबलो. तिचं ६.३ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन ८०० अश्वशक्तीचं, त्याला विजेच्या १६३ अश्वशक्तीची जोड, एकूण ९६३. विक्रीसाठी ४९९ गाड्या केल्या. वीज या घरात आली ती रेसिंगच्या दारातून. २००९ मध्ये फॉर्म्युला वनने ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा साठवून परत वापरायला परवानगी दिली, २०१४ पासून हायब्रिड इंजिनच सक्तीचं झालं. पेट्रोल वाचवायला म्हणून नव्हे, आणखी जोरात पळायला म्हणून वीज आली. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हे आधी ध्यानात ठेवायला हवं.

टर्बोच्या इंजिनात पाय दाबला की टर्बोची चक्रं फिरून हवेचा दाब तयार व्हायला क्षणभर जातो. तो क्षण इलेक्ट्रिक मोटर भरून काढते, कारण तिचा टॉर्क शून्य आरपीएमपासून हजर असतो. २०१९ च्या एसएफ९० मध्ये आठ सिलिंडरचं ७८० अश्वशक्तीचं इंजिन आणि तीन मोटरींची २२०, अशी बरोबर हजाराची बेरीज. पुढची दोन चाकं निव्वळ विजेवर. तिच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स गिअरच नाही! मागे जायचं तर पुढच्या मोटरी उलट्या फिरवायच्या. एका गिअरचं वजन वाचलं. असली काटकसर बघितली की जीव सुखावतो.

बाहेर आलो तर रस्त्यावर दुसरा धडा. तिथल्या दुकानांत पर्यटकांना फेरारी थोडा वेळ चालवायला मिळते. एका बोळातून ‘२९६’ ही हायब्रिड फेरारी बाहेर आली, नुसती टायरखाली खडी चुरडल्याचा आवाज करत. फुटपाथवर दोन मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती, त्यांना पत्ताही नाही. गाडीने रस्ता ओलांडला, सरळ लागली, आणि सहा सिलिंडर एकदम पेटले. मुलांच्या माना वर! तीच गाडी, तोच चालक, पन्नास पावलांपूर्वी तिच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं.

त्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला इथले अभियंते लाडाने ‘छोटं व्ही-१२’ म्हणतात. ६६३ अश्वशक्ती इंजिनाची, १६७ मोटरची, आणि नुसत्या बॅटरीवर पंचवीस किलोमीटर. गावातून शांतपणे बाहेर पडायला पुरे.

५ ऑक्टोबर, रविवार

आज सिंगापूरची फॉर्म्युला वन शर्यत झाली. मारानेल्लोच्या सान ब्याजो चर्चमध्ये फेरारी जिंकली की घंटा वाजवायची रीत आहे. आज जिंकला रसेल, मर्सिडीजचा. यंदा ग्रां प्रीसाठी ती घंटा अजून वाजलेलीच नाही. गेल्या ऑक्टोबरात मेक्सिकोत फेरारीचा साइन्झ जिंकला ती शेवटची.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. काम संपल्यावर इथल्या टेस्ट बेंचच्या प्रमुखांनी गाडीत घालून फेरारीच्या नव्या इमारतीवरून नेलं. ‘ई-बिल्डिंग’ म्हणतात तिला. गेल्या वर्षी जूनमध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष मात्तारेल्ला उद्‌घाटनाला आले होते. वास्तुरचना मारिओ कुचिनेल्लांची, क्षेत्रफळ ४२,५०० चौरस मीटर, छतावर तीन हजारांहून अधिक सौर पॅनेल. काचेची आहे, आतला उजेड बाहेर झिरपतो.

इमारतीपेक्षा आत काय चालतं ते महत्त्वाचं. पेट्रोलची इंजिनं, बॅटरी, विजेचे अ‍ॅक्सल आणि मोटरी, सगळं एकाच छताखाली जोडलं जातं. कोणत्या वर्षी कशाला किती मागणी येईल हे सांगता येत नसेल तर कारखाना असाच बांधावा लागतो.

प्रमुख साठीचे आहेत, अंगाने दणकट, बोलायला तापट. त्यांचं म्हणणं पडलं की विजेची फेरारी ही फेरारीच नव्हे. इथे पुष्कळांचं तेच मत आहे आणि मोठमोठ्यांचं होतं. २०१६ मध्ये खुद्द त्या वेळचे अध्यक्ष मार्किओने यांनी विजेच्या फेरारीची कल्पनाच जवळजवळ अश्लील ठरवली होती. दोन वर्षांत तेच म्हणू लागले, विजेची सुपरकार निघायची असेल तर पहिली आम्हीच काढू. त्याच वर्षी ते गेले. २०२१ मध्ये कंपनीने मुख्य अधिकारी नेमला तो गाड्यांच्या धंद्यातला नव्हताच: बेनेदेत्तो विन्या, पदार्थविज्ञानाचे पदवीधर, सेमीकंडक्टर कंपनीत हालचाल टिपणाऱ्या सूक्ष्म सेन्सरवर हयात घालवलेला माणूस.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवायचा आहे.

जेवणाच्या सुट्टीत आणि नंतर खोलीवर येऊन सगळं पाहिलं, वाचलं. नाव तूर्त ‘एलेत्रिका’. चार मोटरी, प्रत्येक चाकाला एक. एकूण हजाराच्या वर अश्वशक्ती. बॅटरी १२२ किलोवॅट-अवरची, ८०० व्होल्टची. एका चार्जमध्ये ५३० किलोमीटरहून अधिक, शून्यापासून शंभर अडीच सेकंदांत, कमाल वेग ३१०. वजन सुमारे २.३ टन, म्हणजे फेरारीच्या मानाने अवजडच. सांगाड्याच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये पाऊण हिस्सा पुनर्वापराचा.

बॅटरीचे सेल कोरियाच्या एसके ऑनचे. बाकी बॅटरीची जुळणी, अ‍ॅक्सल, इन्व्हर्टर, मोटरी घरच्या. मोटरींची आवरणं त्यांच्या स्वतःच्या फाउंड्रीत ओतलेली. हे वाचलं आणि खुर्चीत ताठ बसलो.

ही बाब मला इतकी का लागते? एसएफ९० आणि २९६ या हायब्रिड गाड्यांमध्ये इंग्लंडच्या यासा कंपनीच्या चपट्या अ‍ॅक्शियल फ्लक्स मोटरी आहेत. फार सुंदर मोटर, त्यात वाद नाही. पण २०२१ च्या जुलैत यासा कुणी विकत घेतली? मर्सिडीजने, म्हणजे रेसिंगमधल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याने. हायब्रिड गाडीत हे निभतं, कारण गाडीचा जीव इंजिनात असतो आणि इंजिन घरचं. विजेच्या गाडीत मोटर बाहेरची, बॅटरी बाहेरची, इन्व्हर्टर बाहेरचा असेल तर आपलं उरतं काय? पत्रा आणि बिल्ला.

एन्झो फेरारी म्हणत असं सांगतात की मी गिऱ्हाइकाला इंजिन विकतो, गाडी त्याच्यासोबत फुकट देतो. मार्च १९४७ मध्ये मारानेल्लोच्या रस्त्यावर त्यांनी पहिली १२५ एस चालवून पाहिली, तेव्हा तिचं दीड लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन अभियंता कोलोंबोंनी खास त्यांच्यासाठी आखलेलं होतं. बॉडी मात्र पुढे अनेक दशकं त्यांनी बाहेरून करवून घेतली, बहुतेक पिनिनफारिनाकडून. आणि तीच पिनिनफारिना २०१५ च्या अखेरीस आपल्या महिंद्रा समूहाने घ्यायचं ठरवलं! तिच्या नावाने २०१९ मध्ये जी विजेची बत्तिस्ता आली, ती १,९०० अश्वशक्तीची. ताकदीत आजच्या एलेत्रिकाला कितीतरी मागे टाकणारी. मुंबईच्या मालकीची गाडी म्हणून मला तिचा केवढा अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो. पण तिच्या मोटरी आणि बॅटरी क्रोएशियाच्या रिमॅककडून आलेल्या. त्याच यंत्रणेवर रिमॅकची स्वतःचीही गाडी धावते. मग यात तुमचं स्वतःचं काय, हा प्रश्न गिऱ्हाईक वीस-पंचवीस कोटी मोजताना विचारणारच.

म्हणून सांगतो, फेरारीने आज दाखवलेली सर्वांत मोलाची वस्तू बॅटरी नाही, वेग नाही. त्यांनी मोटर करायला शिकून घेतलं, ही आहे.

आता मोटर जवळून. पुढची मोटर मिनिटाला ३०,००० फेरे घेते, मागची २५,५००. आमच्या स्कूटरच्या मोटरी याच्या जवळपासही जात नाहीत. हिशोब मांडून पाहिला: दहा ग्रॅमचा मॅग्नेट रोटरवर मध्यापासून पाच सेंटिमीटरवर बसवला, तर ३०,००० आरपीएमला त्याच्यावर बाहेरच्या दिशेने सुमारे पाचशे किलोच्या वजनाइतका ओढा येतो. बोटाच्या पेरावर मावणारा तुकडा, आणि त्याला पाच क्विंटल ओढतायत. तो सुटून स्टेटरवर आदळू नये म्हणून रोटरवर कार्बन फायबरची बाही चढवतात. ती जाड केली तर मॅग्नेट स्टेटरपासून दूर जातो आणि ताकद घटते, पातळ केली तर फाटते. या कात्रीत माझी कित्येक वर्षं गेली आहेत. मॅग्नेट त्यांनी हालबाख रचनेत लावलेत, म्हणजे चुंबकाची शक्ती हवी त्या बाजूला एकवटते आणि रोटरच्या पोटातलं लोखंड कमी करता येतं. हे रेसिंगमधून आलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

शेअर बाजाराने काल वेगळाच निकाल दिला. मिलानमध्ये फेरारीचा भाव एका दिवसात पंधरा टक्क्यांच्या आसपास कोसळला, नोंदणी झाल्यापासूनची सर्वांत मोठी पडझड. मोटरीत खोट निघाली म्हणून नव्हे. २०३० साठी महसुलाचा आकडा नऊ अब्ज युरोच्या घरात सांगितला, लोकांना जास्त हवा होता.

दुसरं एक वाक्य मात्र आपल्या कामाचं. २०२२ मध्ये कंपनी म्हणाली होती की २०३० मध्ये आमच्या यादीत २० टक्के मॉडेलं पेट्रोलची, ४० हायब्रिड, ४० विजेची असतील. काल ते प्रमाण ४०, ४०, २० झालं. विजेचा वाटा निम्म्यावर, पेट्रोलचा दुप्पट.

रात्री भाच्याचा फोन. सीओईपीत तिसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. त्याचा सूर आधीच चढलेला.

“मामा, बघितलंस ना? फेरारीने माघार घेतली. गेल्या महिन्यात पोर्शेने पण विजेच्या गाड्या पुढे ढकलल्या. तू मला मोटर डिझाइनच्या मागे लावतोयस आणि इकडे सगळे इंजिनाकडे परत चाललेत.”

“परत कुठे चाललेत? ४० आणि २० मिळून ६० होतात. त्या साठांतल्या प्रत्येक गाडीत मोटर आहे.”

“पण पूर्ण विजेच्या वीसच!”

“चार वर्षांपूर्वी किती होत्या?”

तो गप्प. मग म्हणाला, “शून्य.”

“मग शून्यावरून वीसला माघार म्हणतोस?”

पटलं नाही त्याला. मुलगा वाद घालतो हे चांगलंच आहे. पण मला खरंच असं वाटतं: वर्षाला जेमतेम पावणेचौदा हजार गाड्या विकणारी कंपनी (गेल्या वर्षी १३,७५२) मागणीच्या मागे धावत नाही, ती मागणीपेक्षा एक गाडी कमी बनवण्यावर जगते. गेल्या वर्षी तिच्या विक्रीत ५१ टक्के हायब्रिड होत्या. लोकांनी हायब्रिड नाकारलेली नाही. पूर्ण विजेची नको म्हणणारे श्रीमंत गिऱ्हाईक आहेत, त्यांचं ऐकून वेग कमी करणं आणि कारखान्यात शिक्षण चालू ठेवणं, दोन्ही एकाच वेळी करता येतं. पोर्शेची अडचण निराळी आहे. तिला संख्येवर जगावं लागतं, चीनमध्ये विक्री घसरली की तिचं गणितच बदलतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आवाजाचं लिहायचं राहून गेलं होतं.

विजेच्या गाड्यांना युरोपात कमी वेगात, ताशी २० किलोमीटरपर्यंत, आवाज करण्याची सक्ती आहे. पायी चालणाऱ्याला, विशेषतः दृष्टिहीन माणसाला, चाहूल लागावी म्हणून. आपल्याकडेही तशा नियमाचा मसुदा नुकताच निघालाय. तो सुरक्षिततेचा आवाज, त्यावर वाद नाही. प्रश्न आहे आनंदाच्या आवाजाचा. काही कंपन्या स्पीकरमधून खोटं इंजिन वाजवतात. महिंद्राने आपल्या चाकणच्या विजेच्या गाड्यांसाठी ए. आर. रहमान यांच्याकडून ध्वनी करून घेतले. ती संगीतकाराची निर्मिती आहे आणि त्याच नावाने ती समोर येते, म्हणून मला ती प्रामाणिक वाटते.

फेरारीने तिसरी वाट घेतली. मागच्या अ‍ॅक्सलवर एक अ‍ॅक्सेलरोमीटर बसवलाय. मोटरी आणि गिअर फिरताना जी खरी कंपनं होतात ती तो टिपतो, नको ती खरखर गाळली जाते, उरलेलं मोठं करून ऐकवतात. ते स्वतः इलेक्ट्रिक गिटारचा दाखला देतात. मला आपला तानपुरा आठवला: तारेवर बोट फिरतंय आणि पुढे माइक ठेवलाय, हे एक, आणि डबीतून वाजणारा इलेक्ट्रॉनिक तानपुरा, हे दुसरं. गवयाला दोन्हींतला फरक पहिल्या क्षणी कळतो. जी तार नाही तिचा सूर ऐकवायचा नाही, एवढा नेम त्यांनी पाळलाय.

मोटरीला आवाज नसतो, हा समज तर मला कधीच मान्य नव्हता. चाचणीच्या खोलीत रोटर पंधरा हजारांच्या वर गेला की एक तीक्ष्ण, वर वर चढत जाणारा स्वर सुरू होतो. बेअरिंग बिघडलं तर त्यात घरघर मिसळते, चुंबकांची जुळणी तिरकी झाली तर थरथर येते. आम्ही माणसं कानानेच दोष पकडतो. इतकी वर्षं आम्हाला तो स्वर दाबायला सांगितलं जायचं. आता कुणीतरी म्हणतंय, तो ऐकू द्या.

टेस्ट बेंचच्या प्रमुखांना हे सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही मोटरवाले, तुम्हाला ते गोडच लागणार. मी म्हटलं, पहिलं इंजिन ऐकणाऱ्यांनाही ते आधी गोंगाटच वाटलं असेल. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ज्या दिवशी इथे एलेत्रिका दाखवली त्याच दिवशी, ९ तारखेला, चीनने दुर्मीळ मृदाधातूंवरचे निर्यात निर्बंध आणखी कडक केले. आज दिवसभर आमच्या खरेदी विभागाशी त्याच्यावरच बोलणं. एप्रिलपासूनच टर्बियम, डिस्प्रोसियमसारख्या सात धातूंना परवाना लागतोय. हे धातू मॅग्नेटमध्ये चिमूटभरच घालतात, पण ते नसले तर मोटर तापली की मॅग्नेटची शक्ती ओसरते आणि परत येत नाही. यंदा पावसाळ्यात आकुर्डीच्या बजाजला याच तुटवड्यापायी चेतकचं उत्पादन घटवावं लागलं होतं.

कोट्यवधींची फेरारी आणि लाखभराची चेतक एकाच खाणीच्या दाराशी उभ्या आहेत. फेरारीला महिन्याला लागतील तेवढे मॅग्नेट एका टेम्पोत मावतील, तिला मिळूनही जातील. अडेल ते आमचं. घरची मोटर म्हणजे घरचा मॅग्नेट नव्हे, हेही इथेच नोंदवतो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मशीनची चाचणी पार पडली. कॉपर फिल, म्हणजे खाचांत तांबं किती ठासून बसतं ते, आमच्या जुन्या मशीनपेक्षा चांगलं येतंय, सही करायला हरकत नाही.

संध्याकाळी प्रमुखांनी त्यांच्या मनातली खरी अडचण सांगितली, आणि ती आवाजाची नव्हती. कंपनी सांगते की आजवर बनलेल्या फेरारींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अजून शाबूत आहेत. साठ वर्षांचं इंजिन उघडून, नवे पिस्टन घालून परत चालू करणारे कारागीर या गावात आहेत. तीस वर्षांनी या बॅटरीचं काय? सेल म्हातारे होतात, गाडी वापरा अथवा झाकून ठेवा.

याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही, पण कंपनीने पावलं टाकलीयत. हायब्रिड गाड्यांसाठी अशी वॉरंटी काढलीय की आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून मिळते. एलेत्रिकाची बॅटरी काढून दुरुस्त करता येईल अशी आखलीय. नव्या पिढीचे सेल त्याच खोक्यात बसले तर जुनी गाडी उलट जास्त लांब पळेल. मात्र त्यासाठी तीस वर्षं ते आराखडे, ते सॉफ्टवेअर, ती माणसं सांभाळावी लागतील. पिस्टन कुठलाही चांगला टर्नर लेथवर करून देईल. इन्व्हर्टरचं सॉफ्टवेअर गावातला टर्नर कुठून आणणार? विजेच्या गाडीला कारागीर लागणारच नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकायला हवं होतं. मी प्रमुखांना म्हटलं, तुमच्या गावात आता बॅटरी उघडणाऱ्या कारागिरांची शाळा निघायला हवी. या वेळी त्यांनी मान हलवली ती होकाराचीच होती.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. बॅग भरून झाली, लक्ष्मीपूजनाला घरी पोचतोय.

भाच्याचा लांबलचक मेसेज. पुढच्या सत्रात एकच विषय निवडता येतो, कंबशन किंवा इलेक्ट्रिकल मशीन्स, सोमवारी फॉर्म भरायचा आहे. “मामा, शेवटचं सांग.”

त्याला लिहिलं: मशीन्स घे. कंबशनचं पुस्तक मी देतो, सुट्टीत वाच, कारण २९६ सारख्या गाडीत दोन्ही एकाच शाफ्टवर येतात आणि ज्याला दोन्ही कळतात त्याची वानवा आहे. दिवाळीनंतर शनिवारी कारखान्यात ये. नवं मशीन यायला वेळ आहे, तोवर जुन्यावर हाताने एक स्टेटर भरायला शिकवतो. नख वाढवून येऊ नकोस, तारेचं इनॅमल निघतं.